काटा थांबला तर हाक कोणाला मारायची?



ऊस फडातून निघून गव्हाणीत पडेपर्यंत त्याच्या मागोमाग आणखी एक गाडी चालत असते, ती आपल्या डोळ्यांना दिसत नाही. ही गाडी आकड्यांची. लागणीची नोंद, उसाची जात, क्षेत्र, तोडणीचा प्रोग्राम, चिटबॉयने दिलेली स्लिप, यार्डातला नंबर, भरलेले वजन, रिकामे वजन, पंधरवड्याचे बिल आणि सरतेशेवटी बँकेतली जमा. पूर्वी हा सारा कारभार किर्दी-खतावण्यांतून होत असे. आता तो तारेवरून होतो. काट्याच्या केबिनमधला संगणक, शेतकी खात्यातला, हिशेब खात्यातला आणि लांबच्या गट कार्यालयातला, असे सगळे एकमेकांना जोडलेले असतात. या जोडणीला जाणकार मंडळी नेटवर्क म्हणतात. आपण तिला जाळे म्हणू.

जाळे चालू असते तोवर त्याची कोणाला आठवण होत नाही. विहिरीवरच्या मोटारीसारखेच ते. पाणी पडत असले की तिकडे कोणी फिरकत नाही आणि बंद पडली की सारे घर तिच्याभोवती गोळा होते.

समजा, जानेवारीतली रात्र आहे. दोन वाजलेत. यार्डात ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या ओळीने उभ्या आहेत आणि काट्यावरचा संगणक मुख्य संगणकाशी बोलेनासा झाला. बिघडले काय, तर केबिनच्या कोपऱ्यात धूळ खात बसलेली एक डबी. तिला स्विच म्हणतात. चार तारा एकत्र आणण्यापलीकडे तिचे काम नाही आणि किंमत म्हणाल तर एका ट्रॉलीच्या उसाइतकीही नाही. दुसरी डबी स्टोअरमध्ये पडलेली आहे. पण पहिलीच्या आत कोणती मांडणी भरली होती ते कोणाला ठाऊक नाही. ज्याने भरली तो ठेकेदाराचा माणूस मागच्या दिवाळीत नोकरी सोडून गेला आणि जाताना पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. मग वजने हाताने लिहा, सकाळी ती पुन्हा संगणकात भरा, त्यात एखाद्याचे गटाचे नाव चुकणार, एखाद्याचा सभासद क्रमांक चुकणार, आणि ती चूक निस्तरायला तो बिचारा तीन वेळा हिशेब खात्याच्या खिडकीशी उभा राहणार. इकडे तोडलेला ऊस वाळतो आहे. तोडल्यापासून जितके तास जातील तितके वजनही घटते आणि साखरही घटते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, पुढे गेले तर पंधरा टक्के व्याज. या चौदा दिवसांची मोजणी ऊस आल्या दिवसापासून होते. जाळे तीन दिवस बंद होते म्हणून ती तीन दिवस थांबत नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की या जाळ्याची वही कारखान्याच्या कपाटात असली पाहिजे, ठेकेदाराच्या खिशात असून चालायचे नाही. आणि अशी वही आपणहून लिहिणारी, जाळ्यावर रात्रंदिवस नजर ठेवणारी अवजारे जगातल्या लोकांनी करून मोकळी ठेवली आहेत. त्यांना ओपन सोर्स म्हणतात. म्हणजे अवजार तर घ्याच, पण ते घडवले कसे तेही उघडून पाहा, लागेल तसा बदल करा, दुसऱ्याला द्या.

सहकारी साखर कारखाना आणि जाळे ही जोडी काही आजची नाही. १९९८ साली तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणानगरच्या सहकारी परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा असा तिघांचा पैसा त्यात होता. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतली सत्तरएक गावे त्यात धरली होती आणि गावोगाव संगणकाची केंद्रे उघडली होती. शेतकऱ्याने केंद्रावर जावे, आपल्या उसाचे वजन, तोडणीचा पास, खताची उचल तिथेच पाहावी, कारखान्यापर्यंत हेलपाटा घालू नये, अशी कल्पना. त्या काळी खेड्यात साधा टेलिफोन लागायचा तर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. तेव्हा हे धाडस मोठेच म्हटले पाहिजे. देशभरातून आणि परदेशातूनही लोक ते पाहायला गेले.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या बंगलोरच्या संशोधन विभागातल्या मंडळींनी काही वर्षांनी तिथे जाऊन बारकाईने पाहिले. २००७ साली त्यांनी जे मांडले ते असे, की गावातले संगणक मुख्यतः उसाच्या कामाची ठरावीक माहिती इकडून तिकडे पोचवण्यापुरते वापरले जात होते आणि त्यांची देखभाल मात्र डोईजड झाली होती. वीज जाते, यंत्र बिघडते, दुरुस्तीला माणूस लांबून यावा लागतो. मग त्यांनी सात गावांत आठ महिने प्रयोग केला. संगणकाऐवजी साधा मोबाइल फोन. शेतकऱ्याने मेसेज पाठवायचा, कारखान्याकडच्या संगणकाने उत्तर द्यायचे. ते लोकांना आवडलेही.

वारणेला नावे ठेवण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. पुढे चालणाऱ्याच्याच पायात काटा मोडतो, मागच्याला वाट साफ मिळते. पण जाळे उभारायला निधी मिळतो, नारळ फुटतो, फोटो छापून येतो. त्या जाळ्याची दहा वर्षे निगा राखायला कोणी हार घालायला येत नाही. धरणाचे उद्घाटन होते, चारीतला गाळ काढण्याचे उद्घाटन होत नाही, तसेच हे.

आता या मोकळ्या अवजारांकडे वळू.

१९९४ साली इंग्लंडातल्या लेस्टर शहरी डी मॉन्टफर्ट विद्यापीठात टोबियास ओएटिकर नावाचा तरुण काम करत होता. सबंध विद्यापीठाला बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन एकच, तीही चौसष्ट किलोबिटची. आजच्या मोबाइलपुढे ती म्हणजे ठिबकची एक नळी. पाटाला पाणी थोडे असले की टेलच्या शेतकऱ्याचे लक्ष जसे वरच्या दारांवर असते, तसे सगळ्यांना एकच जाणून घ्यायचे होते, की लाइनमधून आता चालले किती आणि उरले किती. ओएटिकरने एक छोटा प्रोग्राम लिहिला. दर पाच मिनिटांनी यंत्राला त्याच्या मीटरचा आकडा विचारायचा आणि त्याचा आलेख काढून सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. १९९५ मध्ये तो त्याने जगाला देऊन टाकला. एमआरटीजी हे त्याचे नाव. पुढे जगभरच्या जाळेवाल्यांनी तो वापरला. यंत्राला आकडा विचारण्यासाठी एक ठरावीक बोली लागते, ती १९८८ सालीच ठरली होती. एसएनएमपी म्हणतात तिला. कंपनी कोणतीही असो, चांगल्या प्रतीच्या डबीला ही बोली कळते. (विकत घेताना ही बोली येते का, एवढे विचारावे. स्वस्तातल्या पुष्कळ डब्यांना ती येत नाही.)

दुसरे अवजार हजेरी घेण्याचे. शाळेत मास्तर नाव पुकारतात आणि पोरगा ‘हजर’ म्हणतो, तसे हे दर मिनिटाला जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला पुकारते. काट्याचा संगणक? हजर. गट कार्यालयाचा राउटर? हजर. डिस्टिलरीकडची लाइन? उत्तर नाही. तीनदा पुकारून उत्तर आले नाही की नेमलेल्या माणसाच्या मोबाइलवर निरोप जातो. १९९९ साली अमेरिकेतल्या ईथन गॅल्स्टॅड याने असे अवजार बाहेर काढले, त्याचे नाव आता नॅगिऑस आहे. लॅटव्हिया नावाच्या लहानशा देशात अलेक्सेई व्लादिशेव्ह एका बँकेत संगणक सांभाळत असता त्याने स्वतःच्या सोयीसाठी केलेले अवजार २००१ मध्ये जगाला खुले झाले, त्याचे नाव झॅबिक्स. ही दोन्ही मोठमोठ्या कंपन्या वापरतात. आपल्यासारख्या ठिकाणी पाच-पन्नास यंत्रे असतील, तर तेवढ्यासाठी स्टोअरमध्ये पडलेला एखादा बरा जुना संगणकही पुरतो.

तिसऱ्याचे महत्त्व आमच्या मते सर्वांत जास्त, आणि ते समजायला सातबारा माहीत असलेल्या माणसाला अडचण नाही. सातबारा आज जमीन कोणाच्या नावे, काय पेरले, ते सांगतो. पण तिथे नाव लागले कसे, केव्हा, कोणत्या व्यवहाराने, हे पाहायचे तर गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही काढावी लागते. जाळ्यातल्या डबीच्या आत जी मांडणी असते तिचाही असाच फेरफार ठेवता येतो. रॅन्सिड आणि ऑक्सिडाइज्ड नावाची अवजारे रोज रात्री, किंवा सांगाल तेव्हा, एकेका डबीत शिरतात, आतली मांडणी उतरवून घेतात आणि कालच्याशी ताडून पाहतात. काल होती आणि आज नाही अशी प्रत्येक ओळ नोंदली जाते. वर आम्ही सांगितलेली रात्रीच्या दोनची कथा अशी नोंद असती तर घडलीच नसती. स्टोअरमधली त्याच जातीची नवी डबी आणायची, उतरवून ठेवलेली मांडणी तिच्यात भरायची, गाड्या पुढे. अर्धा तास धरा.

डेडस्टॉक रजिस्टरसारखेही एक अवजार आहे, नेटबॉक्स. २०१६ साली ते खुले झाले. कोणती डबी कोणत्या खोलीत, कोणती तार कुठून निघून कुठे शिरते, ते त्यात लिहायचे. ते स्वतः काही शोधून काढत नाही. आपण लिहू तेवढेच त्यात.

आणि शेवटचे अवजार हुकूम अंमलात आणणारे. अ‍ॅन्सिबल त्याचे नाव, २०१२ साली मायकेल डीहान याने ते लिहिले. समजा, सगळ्या गट कार्यालयांतल्या यंत्रांचा पासवर्ड बदलायचा आहे. आपल्या जिल्ह्यात हे काम म्हणजे घाटावरून घाटाखाली आणि पुन्हा वर, जीपचे डिझेल आणि माणसाचे दोन दिवस. अ‍ॅन्सिबलमध्ये काय करायचे त्याची यादी साध्या मजकुरात लिहून ठेवतात आणि ते एका जागेवरून सगळ्या यंत्रांकडे ती यादी पोचवून अंमलात आणते. त्यातली खुबी अशी, की यादी नीट लिहिली असेल तर ती दुसऱ्यांदा चालवली तरी जिथे काम आधीच झालेले आहे तिथे ते हात लावत नाही. एका सरीला दोनदा खत पडले असे होत नाही. शिवाय ती यादी म्हणजेच लेखी पुरावा. काम करणारा उद्या सोडून गेला तरी त्याने केले काय ते वाचता येते.

इथेच एक खबरदारीची गोष्ट सांगतो. ज्या अवजाराने एका हुकमात शंभर यंत्रे सुधारतात, त्याच अवजाराने एका हुकमात शंभर बिघडतात. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री नऊनंतर आपल्या सगळ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप बंद पडले होते, आठवत असेल. फेसबुक कंपनीत नेहमीच्या देखभालीचे काम चालू असता दिलेल्या एका हुकमाने तिची सारी केंद्रे जगापासून तुटली. असा हुकूम अडवण्यासाठी जे तपासणीचे साधन होते, त्यातच चूक होती. पुन्हा सुरळीत व्हायला सुमारे सहा तास लागले. दुरुस्तीला पोचलेल्या माणसांना इमारतीत आणि यंत्रांपर्यंत शिरतानाच अडचण आली, कारण नेहमीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून होती. एवढ्या बलाढ्य कंपनीची ही गत. म्हणून कोणताही हुकूम आधी एका यंत्रावर, तेही हंगाम नसताना, मग बाकीच्यांवर. आणि काट्याला जाळ्याशिवायही वजन करून पावती देता आली पाहिजे, तशी सोय कायम ठेवावी. साखळी तुटली तरी बैल दावणीला राहिला पाहिजे.

या विषयावर सभासदांशी बोलताना दोन प्रश्न हमखास येतात. पहिला: “फुकटच्या मालात काय दम असंन हो?”

प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की परवान्याला पैसे पडत नाहीत, पण माल फुकट नाही. तो शिकायला माणसाचा वेळ लागतो, तो चालवायला माणूस लागतो आणि त्या माणसाला पगार लागतो. यात पैसा कमी लागेल असे आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही. पण तो पैसा आपल्या माणसाच्या शिकण्यावर खर्च होतो आणि ते शिक्षण इथेच राहते. २०१५ साली केंद्र सरकारनेही आपल्या कार्यालयांसाठी ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, ते उगाच नव्हे. दुसरे असे, की बंद अवजाराची कंपनी उद्या दर वाढवते किंवा ते अवजार विकणेच बंद करते, तेव्हा आपण काही करू शकत नाही. खुल्या अवजारात भांडण झाले तरी वाटणी होऊ शकते. २००९ साली नॅगिऑसच्या कारभारावर नाराज असलेल्या काही जणांनी त्याचीच प्रत घेऊन इसिंगा नावाचे वेगळे अवजार सुरू केले. दोन्ही चूल मांडून बसले, दोन्ही चालले, वापरणाऱ्याला निवड मिळाली. सहकारात राहिलेल्या माणसाला हा प्रकार नवा वाटू नये.

दुसरा प्रश्न: “आपल्या पोरायले हे जमंन काय?”

जमेल. आम्ही हे उगीच बरे वाटावे म्हणून म्हणत नाही. मुंबईच्या आयआयटीने स्पोकन ट्युटोरियल नावाचा उपक्रम चालवला आहे. त्यात लिनक्ससारख्या खुल्या प्रणालींचे छोटे छोटे पाठ मराठीतून ऐकायला आणि पाहायला मिळतात, पैसे पडत नाहीत. वर सांगितलेली बहुतेक अवजारे लिनक्सवरच चालतात, तेव्हा तिथून सुरुवात करता येते. पुढची पुस्तके आणि सूचना इंग्रजीत आहेत, ही अडचण खरी. पण बुलढाणा, शेगाव, खामगाव, चिखलीकडे शिकून पुण्याला दहा-बारा हजारांवर राबणारी आपल्या सभासदांची मुले थोडी नाहीत. त्यांतले एखाद-दोघे कारखान्यातच या कामाला लागले तर काय वाईट?

एक गैरसमज मात्र आताच दूर केलेला बरा. ही अवजारे काटामारी पकडत नाहीत. तार नीट चालते की नाही, डबीची मांडणी कोणी बदलली, एवढेच ती सांगतात. काटा खरा की खोटा, ते वैधमापनशास्त्र खात्याच्या तपासणीचे आणि सभासदांच्या जागरूकतेचे काम. वजनाचा आकडा काट्यावरून निघाल्यावर मधल्या वाटेत जाळे बंद होते का, कधी आणि किती वेळ, याचा पुरावा मात्र त्यांच्याकडून मिळतो. वादाच्या वेळी तोही थोडाथोडका नसतो.

चोरीचेही भय लोक दाखवतात, की कुलपाचा नकाशा साऱ्या गावाला दाखवला तर चोर येणारच. अनुभव तसा नाही. हजार डोळ्यांनी पाहिलेले कुलूप एका लोहाराच्या शब्दावर ठेवलेल्या कुलपापेक्षा कच्चे असते असे मानायला कारण नाही. निष्काळजीपणा मात्र दोन्हीकडे सारखाच नडतो. झॅबिक्स बसवताना सुरुवातीला जो पासवर्ड मिळतो तो साऱ्या जगाला ठाऊक आहे. तो पहिल्या दिवशी बदलला नाही, तर दार सताड उघडे. आणि नजर ठेवणारा हा संगणक कारखान्याच्या आतच असावा, इंटरनेटवर त्याचे तोंड उघडू नये.

ठेकेदार नकोच, असे आमचे म्हणणे नाही. टॉवरवर चढायला, जळालेली पाटी बदलायला, फायबर जोडायला तो लागेलच. पण सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत देखभालीच्या कराराचा विषय आला, की सभासदांनी उठून चार गोष्टी विचाराव्यात. जाळ्याचा नकाशा कारखान्याकडे आहे का? सगळ्या डब्यांच्या मांडणीची ताजी प्रत कोणाच्या कपाटात आहे? पासवर्ड मोहोरबंद पाकिटात कार्यकारी संचालकांकडे आहेत का, की बँकेच्या तिजोरीसारखी त्यांची दुसरी चावी दुसऱ्या कोणाकडे आहे? आणि करार संपल्यावर ठेकेदाराने काय काय परत करायचे, ते करारात लिहिले आहे का? या प्रश्नांना संगणकाचे ज्ञान लागत नाही. नफा-तोटा पत्रक वाचणाऱ्याला ते विचारता येतात.

सुरुवात करायची झाली तर ती हंगाम संपल्यावर, मिल ओव्हरहॉलिंगला निघते तेव्हाच करावी. पहिल्या आठवड्यात संगणकाला हात लावू नये. एका माणसाने वही आणि रंगाचा डबा घेऊन काट्यापासून हिशेब खात्यापर्यंत प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नंबर टाकावेत. कुठली तार कुठे जाते, हे तेव्हाच कळते, आणि दोन-चार तारा तर कुठेच जात नाहीत असेही आढळते. मग हजेरी घेणारे अवजार, तेही आधी फक्त काटा आणि शेतकी खाते एवढ्यापुरते. महिनाभर त्याचे निरोप खरे येतात का पाहावे. मांडणी उतरवून घेणारे त्याच्यानंतर. अ‍ॅन्सिबल पुढच्या वर्षी आले तरी बिघडत नाही.

आणि हे सारे करण्याआधी, वळवाचा पाऊस यायच्या आत, टॉवरचे आणि काट्याच्या केबिनचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. विजेच्या एका लोळात जळालेली डबी कोणत्याही अवजाराला ‘हजर’ म्हणत नाही.